वागिमिनच्या मयताचे तांदूळ

शुक्रवारी सकाळी तांदळाची पहिली टोपली माझ्या दारात आली, तेव्हा माझा नवरा माडावर होता.

टोपली घेऊन आली माझी मावसबहीण तुमिनी, पलीकडच्या गावची. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, डोळे सुजलेले. टोपलीत तांदूळ आणि वर साखरेची पुडी. आमच्याकडे मयताच्या घरी कुणी रिकाम्या हाताने जात नाही. मला वाटलं, हिच्याच घरी काही बरंवाईट झालंय आणि दुःखाच्या भरात ही टोपली घेऊन भलतीकडेच आली. तिने माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. तिच्या नवऱ्याला दमा आहे, म्हटलं गेला बिचारा. मग मीही हंबरडा फोडला. चांगली पाच मिनिटं आम्ही दोघी एकमेकींसाठी रडलो.

मग नाक पुसत तिने विचारलं, "कधी नेलं गं?"

"कुणाला?"

"कुणाला काय विचारतेस? वागिमिनला!"

तेवढ्यात वरून आवाज आला, "तुमिनी, तू कधी आलीस? बुने, तिला चहा टाक, मी उतरतोच!"

तुमिनीने वर बघितलं. माडाच्या शेंड्यातून दोन पाय लोंबत होते. ती अशी काही किंचाळली, की समोरच्या घरातल्या कोंबड्या कुंपणावरून उडाल्या.

बुने म्हणजे मी, पोरांची आई. तो पाकने, पोरांचा बाप. लग्नाला चाळीस वर्षं झाली, नावं आम्ही फक्त भांडताना घेतो. माझं नाव सुपिनाह. त्याचं वागिमिन. आता या वागिमिनबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मलाच त्यातलं निम्मं कळलेलं नाही.

चौसष्ट वर्षांचा आहे. रोज सकाळी चौदा माड आणि संध्याकाळी तेच चौदा माड चढतो. कमरेला बांबूच्या नळ्या, हातात कोयती. वरून नीरा काढून आणतो आणि मी खोपटातल्या चुलीवर ती आटवून करवंट्यांत गूळ पाडते. या केबुमेनच्या डोंगरात निम्मी गावं हेच करतात, त्यात काही विशेष नाही. बोलायला कमी. भांडायला त्याहून कमी, म्हणून मला दोघांचं भांडावं लागतं. फक्त तोंडाची एक गंमत आहे. तो घाबरला की लोकांना हसू येतं. गंभीर झाला तर आणखीच येतं. आमच्या लग्नात मोदिन, म्हणजे गावचे मौलवी, निकाह लावत होते तेव्हा माझी सख्खी आत्या तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

हे तोंड हेरलं गलिहने. गलिहचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन पोरींचा बाप, पस्तिशीचा माणूस. पाच वर्षांपूर्वी त्याने गावातल्या गावात छोट्या छोट्या गमतीच्या फिल्म करून चॅनलवर टाकायला सुरुवात केली. आमचीच बोली, आमच्याच गल्ल्या, आमचेच लोक. एकदा त्याला चहाच्या टपरीवर बसलेला एक म्हातारा हवा होता. वागिमिनला तो म्बाह, म्हणजे आजोबा म्हणतो. म्हणाला, "म्बाह, एकच वाक्य आहे. मी आलो की म्हणायचं, माझी शेळी कुठाय?" झालं. गलिह आला. हा माणूस वाक्य विसरला. नुसता बघत बसला. एकदा गलिहकडे, एकदा चहाकडे, एकदा आभाळाकडे. ती फिल्म इतकी चालली, की तेव्हापासून प्रत्येक फिल्ममध्ये म्बाह किमिन, म्हणजे आमचा वागिमिन, लागतोच.

शहरातून लोक फोटो काढायला येऊ लागले. हाँगकाँगला मोलकरणी म्हणून गेलेल्या आमच्याकडच्या पोरी खाली लिहायच्या, "म्बाह, आज सुट्टी होती, दिवसभर तुम्हालाच बघितलं. घरची बोली ऐकली आणि रडू आलं." गलिह हे सगळं यांना वाचून दाखवायचा. हा चुलीजवळ येऊन मला विचारायचा, "बुने, ही माणसं मला ओळखत नाहीत, मग एवढ्या मायेनं कशी लिहितात? मी केलं तरी काय?"

"तुम्ही विसरलात."

"पण मी खरंच विसरलो होतो!"

"म्हणूनच तर."

हे त्याच्या डोक्यात कधीच शिरलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

तर त्या आठवड्यात गलिहने नवी फिल्म काढली. एक कंजूष म्हातारा मरतो. जनाजा उचलायच्या आधी मोदिन जमलेल्यांना विचारतात, "हा माणूस कसा होता?" हे आमच्याकडे खऱ्या मयतालाही विचारतात आणि सगळ्यांनी म्हणायचं असतं, "चांगला होता." मग तोच शब्द माणसाबरोबर जातो. फिल्ममध्ये गंमत अशी, की कुणीच काही बोलत नाही. शेवटी एक जण म्हणतो, "माझी कुदळ परत दिली नाही," आणि मेलेला ताडकन उठून बसतो, "दिली होती!"

गलिहला सगळं खरं हवं होतं. अंगण आमचं. जनाजा मशिदीतला. मोदिनही गावचे खरे मोदिन, पाक जुमादी, जे पन्नास वर्षं आमच्या मयतांच्या प्रार्थना म्हणत आलेत. आधी ते भडकले, असल्या गोष्टींची चेष्टा करू नये म्हणाले. मग हळूच विचारलं, "माझ्या तोंडावर ऊन नीट येईल ना रे?"

तर हा पांढऱ्या कापडात गुंडाळून जनाज्यावर पडला. मी त्याची बायको, फिल्ममध्येही बायकोच. मेलेल्याचा जनाजा वर धरतात आणि घरच्यांनी त्याच्याखालून तीनदा जायचं, अशी आमची रीत. मी गेले. पहिल्यांदा हसू दाबत गेले. दुसऱ्यांदा वर बघितलं, फळीच्या फटीतून कापड दिसत होतं. तिसऱ्यांदा कोण जाणे काय झालं, मला खरंच रडू फुटलं. गलिहने सांगितलं नव्हतं. थांबेचना.

मग मोदिनांनी विचारलं, "हा माणूस कसा होता?"

सगळ्यांनी गप्प राहायचं ठरलं होतं ना? पण सवय! मोदिनांचा तो आवाज, तो जनाजा, मी रडतेय... सगळं अंगण एका सुरात ओरडलं, "चांगला होता! चांगला होता! चांगला होता!"

गलिहने कपाळ बडवून घेतलं. "अरे, चांगला म्हणू नका रे! कंजूष आहे तो!" पुन्हा केलं, पुन्हा दोघातिघांच्या तोंडून निघालंच. चौथ्यांदा जमलं. फसलेला भाग गलिहने नंतर गंमत म्हणून वेगळा टाकला, की बघा आमच्या गावची माणसं कशी आहेत. आणि कुठल्या तरी शहाण्याने त्यातलं मधलं पाऊण मिनिट कापलं, खाली रडकं संगीत लावलं आणि वर लिहिलं, "म्बाह किमिन आपल्याला सोडून गेले."

झालं! तुमिनी ही पहिली. नऊ वाजेपर्यंत अकरा टोपल्या आल्या. मी प्रत्येकाला सांगतेय, अहो, तो जिवंत आहे, हा बघा, तुम्हाला चहा देतोय तोच तो. लोक यांना चिमटे काढून बघत होते. हा लाजून लाल. एक म्हातारबुवा दोन बस बदलून आले होते, ते तर चक्क रागावले. "मग मला एवढ्या लांब बोलावलं कशाला?" म्हणाले. कुणी बोलावलं होतं त्यांना!

तांदूळ परत न्या म्हटलं तर कुणी नेईना. मयताचे तांदूळ घरी परत नेणं अशुभ. मी म्हटलं, "मयतच नाही तर ते मयताचे तांदूळ कसे?" यावर बायकांची बराच वेळ चर्चा झाली आणि तांदूळ राहिले. मग शेजारणींनी बाह्या वर सारल्या, अंगणात मोठी चूल पेटवली आणि फणस चिरायला बसल्या.

"अगं बायांनो, हे काय चालवलंय? माणूस जिवंत आहे!"

"आहे ना, कुठे नाही म्हणतोय? पण एवढी माणसं आलीत, त्यांना उपाशी धाडणार का?"

मला कळेनासंच झालं. स्वतःच्या धडधाकट नवऱ्याच्या मयताचा भात मी ढवळत होते आणि तो नवरा मला लाकडं आणून देत होता.

गलिह धावत आला, तोंड एवढंसं झालेलं. खरंच शरमला होता. म्हणाला, "म्बाह, आत्ताच्या आत्ता खुलासा करू." यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. हा म्हणाला, "नमस्कार. मी वागिमिन. मी जिवंत आहे. जेवण झालं का?" ते टाकलं. पाच मिनिटांत खाली लोकांनी लिहिलं, "जुना व्हिडिओ आहे." "मेलेल्या माणसाचे जुने व्हिडिओ टाकून पोट भरता? लाज नाही वाटत?" "म्बाहला आता तरी शांत झोपू द्या रे." कुणी लिहिलं, "बघा, जाताजाताही आपलं जेवण विचारून गेले," आणि त्याखाली शेकडो माणसं रडलेली.

"बुने," हा मला म्हणाला, "हे म्हणतात मी जुना आहे."

"त्यात खोटं काय आहे?" मी म्हटलं. पण बघा ना, सगळं जग एकीकडे आणि हा माणूस एकटा एकीकडे.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"बुलिक सुपिनाह का? मी हार्ती. लाम्पुंगहून. पोनिदींची सून. तुमचा नंबर मिळवायलाच रात्र गेली, आमच्या घरात कुणाकडेच नव्हता. बुलिक, काका गेल्याचं कळलं..."

लाम्पुंगहून मला बुलिक, म्हणजे काकू म्हणणारं एकच घर. मी भाताचा डाव खाली ठेवला.

पोनिदी म्हणजे यांचा थोरला भाऊ, आमचा कांग, सत्तरीचा. तरुणपणीच सरकारने दिलेल्या जमिनीवर सुमात्रात लाम्पुंगला गेला, तिथलाच झाला. दोघा भावांचा जीव की प्राण. पण अकरा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. सकाळी गेल्या. कांग पोनिदीला फोन केला, तो निघाला, म्हणाला, "माझ्यासाठी थांबा." आमच्यात मयत ठेवत नाहीत. मोठी माणसं म्हणाली उशीर करू नका, मोदिन म्हणाले उशीर करू नका. हा त्या दिवशी वेड्यासारखा या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता आणि शेवटी मान हलवली. संध्याकाळच्या आत माती झाली. कांग तेव्हा समुद्रातच होता, जहाजावर. दुसऱ्या दिवशी आला, स्टँडवरून थेट कबरस्तानात गेला, आईच्या मातीवर बसला आणि तिथूनच परत गेला. आमच्या दाराकडे बघितलंही नाही. अकरा ईद झाल्या. ईदला धाकट्याने थोरल्याच्या पाया पडून माफी मागायची असते. हा दर ईदला पहाटे आंघोळ करून नवा सारोंग नेसून बसायचा, जसं काही थोरला भाऊ शेजारच्या घरातच राहतो. मग दुपारी सारोंग घडी करून ठेवायचा.

"हार्ती, बाई, ऐक," मी म्हटलं, "तुझे काका जिवंत आहेत. ती फिल्म होती."

मग ती म्हणाली, "बुलिक, बाबा तर निघाले."

"कधी?"

"काल संध्याकाळी. घरी मयताची प्रार्थना घातली, गल्लीतले सगळे आले होते. बाबांनी सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं, माझ्या भावाकडून कुणी दुखावलं गेलं असेल तर माफ करा, मी तर केलंच आहे. आणि तडक बस पकडली. म्हणत होते, या वेळी तरी मातीला पोचू दे."

"मग फोन कर त्यांना! सांग!"

"फोन घरीच राहिलाय, बुलिक. चार्जिंगला लावलेला. आणि बुलिक, त्यांचं हृदय... डॉक्टरांनी जपायला सांगितलंय."

फोन ठेवून मी वळले तर हा मागेच उभा. सगळं ऐकलं होतं. त्या तोंडाकडे बघून पहिल्यांदाच कुणाला हसू आलं नाही.

"माफ केलं म्हणाला?" त्याने विचारलं.

"हो. पण मेलेल्याला केलं."

तो खाली बसला. मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली, पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत आनंद होता की भीती, हे मला सांगता यायचं नाही. त्यालाही सांगता आलं नसतं. सत्तरीचा माणूस बावीस तासांचा प्रवास करून भावाच्या मातीला येतोय आणि इथे भाऊ उभा. एक तर हृदय बंद पडेल. नाहीतर म्हणेल, सगळ्या जगासमोर मला रडवलंत, माझी चेष्टा केलीत! आणि आल्या पावली परत जाईल, ते पुन्हा कधीच न येण्यासाठी. मग केलेली माफीही घेऊन जाईल.

सगळ्या अंगणाला हे कळलं आणि मग तर विचारूच नका. चाळीस माणसं, चाळीस सल्ले. कुणी म्हणे बसस्टँडवर जाऊन गाठा. कोणती बस, कोणतं स्टँड, कुणाला ठाऊक! कुणी म्हणे आधी जेवू घाला, भरल्या पोटी धक्का कमी बसतो. मोदिन म्हणाले, "जिवंत माणसासाठी केलेली प्रार्थना वाया जात नाही." ते ठीक आहे, पण आम्हाला प्रार्थनेचं नाही, पोनिदीचं पडलं होतं. दुपारी हा नमाजाला गेला तर शेजारी बसलेला माणूस म्हणे त्याला सारखा हात लावून बघत होता.

नमाजाहून आला तो सरळ माझ्यापाशी खोपटात. दार लावून घेतलं.

"बुने, मी काय म्हणतो..."

"बोला."

"जनाजा अजून मशिदीच्या ओसरीत आहे. कापडही आहे."

"मग?"

"मी पडून राहतो. थोडाच वेळ. कांग येईल, माझ्या तोंडावर एकदा म्हणेल, की माफ केलं. कानाने ऐकतो. मग हळूहळू उठतो."

माझ्या हातात गुळाची मोठी कलथी होती. "हळूहळू? अहो, हळूहळू उठणाऱ्या मयताला बघून तर धडधाकट माणूस खलास होईल! अक्कल कुठे माडावर ठेवून आलात का? एकदा खोटं मेलात तर हा गोंधळ झाला, आता दुसऱ्यांदा मरायचंय?"

"मग मी काय करू, सुपिनाह?" नावाने हाक मारली त्याने. भांडत नव्हता. "जिवंतपणी तो माझ्याशी बोलत नाही. मेलो तर एका दिवसात निघाला. तूच सांग, मी जिवंत असू की नको?"

मी रडले आणि त्याला रागावले, दोन्ही एकदम. गूळ खाली लागला, तो वास अजून नाकात आहे.

बाहेर आले तर गलिह कुंपणाला कॅमेरा बांधत होता. "म्बाह, फक्त लांबून. दोन भाऊ, अकरा वर्षं... लोक ढसाढसा रडतील." तीच गरम कलथी घेऊन मी त्याच्या मागे धावले. दोन फेऱ्या झाल्या अंगणाला. शेवटी बिचाऱ्याने फोन बंद केला आणि स्वतःच्या हाताने माझ्याकडे दिला. "ठेवा तुमच्याकडे," म्हणाला. पोरगा वाईट नाही, फक्त त्याला सगळं फोनमधूनच दिसतं.

शेवटी एवढंच ठरलं, की यांनी खोपटात थांबायचं. बाहेर मोदिन आधी कांगना बसवतील, धीर देतील, मग हळू विषय काढतील. मोदिनांनी चार वाक्यं पाठही केली.

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर भाड्याची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी थांबली. कांग पोनिदी उतरला. किती वाळला होता! हातात प्लास्टिकची पिशवी, शर्टाची बटणं एक काज चुकवून लावलेली. अंगणातली चाळीस माणसं उठून उभी राहिली. मी मोदिनांकडे बघितलं. मोदिन माझ्याकडे बघत होते. हजार मयतं केलेला माणूस, त्याचीही वाक्यं पळाली.

मग मीच पुढे झाले. काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते असं, "कांग, माती झाली नाही."

"हं?"

"माती नाही झाली. तो मागे आहे. खोपटात. जिवंत आहे."

कांगने कुंपणाचा बांबू धरला. कुणीतरी खुर्ची आणली, तो बसला नाही. बांबू धरून नुसता उभा होता, पापणीही हलत नव्हती. मला वाटलं, संपलं, मी मारला या माणसाला. मग त्याने बांबू सोडला आणि चालायला लागला, घराच्या बाजूने, मागे. आम्ही सगळे त्याच्यामागून.

खोपटाचं दार उघडंच होतं. यांच्या गुडघ्यांना राख लागलेली, डोळे लाल. भावाला बघितलं आणि हा माणूस जमिनीवरच पडला. दोन्ही पाय धरले, पायांवर डोकं ठेवलं. "कांग, माफ करा. आईच्या वेळी मला थांबायला हवं होतं. मला कळलंच नाही कुणाचं ऐकू. कांग, मी मरून बोलावलं नाही हो तुम्हाला, आईशप्पथ नाही..."

कांग खाली बघत होता. त्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. मग त्याने मान वर केली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"पोट हलत होतं."

सगळ्या माना यांच्याकडे वळल्या.

"कापडाखाली पोट हलत होतं याचं. फोनवर बघितलं तेव्हाच मला कळलं, हे सोंग आहे. लहानपणी लपाछपीतही असाच सापडायचा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग कांग, घरी प्रार्थना कशाला घातलीत? सुनेला रडवलंत ते?"

"मग काय सांगून निघू?" तो माझ्यावरच डाफरला. "मेलेल्या भावाकडे जातो म्हटलं की कुणी काही विचारत नाही. जिवंत भावाकडे जातो म्हटलं असतं, तर घरातल्यांनी विचारलं असतं, मग अकरा वर्षं काय करत होतात?"

मग तुमिनी आधी हसली, मग सगळेच हसले, हसता हसता निम्मे रडले. मोदिनांना आता त्यांची चारही वाक्यं आठवली आणि त्यांनी ती म्हणून टाकली. कांगने भावाला दंडाला धरून उठवलं. "ऊठ. आईकडे जाऊन येऊ. आणि तू पुढे चाल, मला रस्ता आठवत नाही." दोघं कबरस्तानाकडे गेले. गलिहचा फोन माझ्या ओच्यात बंद पडून होता आणि त्याने तो मागितलाही नाही. परत आल्यावर दोघा भावांनी शेजारी बसून वागिमिनच्या मयताचा भात खाल्ला आणि कांगने दुसऱ्यांदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा नीरा घेऊन खोपटात आला. कांग बाहेर ओट्यावर शेजाऱ्यांना तेच सांगत होता, पोट कसं हलत होतं, आपण कसं ओळखलं. मी गलिहकडून ते पाऊण मिनिट पुन्हा मागवून घेतलं होतं. चुलीपाशी बसून आम्ही दोघांनी बघितलं. चार वेळा. एकदा वाटलं, हलतंय पोट. एकदा वाटलं, वारा आहे. मी रडत असल्यामुळे कॅमेऱ्यात मीच जास्त आलेय.

"पाकने, खरंच कळलं असेल हो त्यांना?"

हा कढईत नीरा ओतत होता. ओतून झाल्यावर म्हणाला, "पायात दोन वेगळ्या चपला होत्या."

"कुणाच्या?"

"कांगच्या. मी पायांवर डोकं ठेवलं तेव्हा बघितलं. एक त्याची, निळी. दुसरी बायकांची. फूल होतं तिच्यावर."

बस, जहाज, दुसरी बस, मोटारसायकल. बावीस तास. सगळं माहीत असलेला माणूस असा निघतो का घरातून? की म्हातारपण आहे, अंधारात पाय जाईल त्यात गेला? मी यांच्या तोंडाकडे बघितलं, तिथेही मला काही सापडेना.

"तुम्ही बोललात त्यांना?"

"नाही."

"मग आता?"

"बाजारात जाशील तेव्हा एक जोड आण. नऊ नंबर. आणि तू काही बोलू नकोस, बुने."

मी बाजारातून जोड आणला आणि ओट्याखाली ठेवला. कांगने तो बघितला, पायात घातला आणि दोन पावलं चालून बघितली. मग जुन्या दोन्ही चपला उचलून चुलीमागच्या कचऱ्यात टाकल्या आणि मला विचारलं, गूळ व्हायला अजून किती वेळ आहे.